बराकीतली गोधडी

कल्याण परिसराचा उल्लेख ख्रिस्ती वाङ्मयात फार जुना आहे. इसवी सन ५५०च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे मठवासी झाला, ख्रिस्ती दृष्टीतून भूगोलवर्णन करणारा एक ग्रंथ लिहिला. त्यात ‘कल्लियाना’ या बंदराचा निर्देश आहे. तेथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे कॉस्मस नमूद करतो. हे कल्लियाना म्हणजेच आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या मंडळींत हे वाक्य मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच ग्रंथात या बंदरातून कोणता माल बाहेर जाई हेही कॉस्मसने लिहून ठेवले आहे, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणतो, तेथून तांबे, लाकडाचे ओंडके (ते बहुधा शिसवीचे असावेत) आणि अंगावर घालण्याची वस्त्रे रवाना होतात.

या नोंदीनंतर सुमारे चौदाशे वर्षांनी कल्याणपासून पाच किलोमीटरांवर एक नवे शहर वसले. त्याला नाव मिळाले ते त्याच्याजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीचे. आणि ते नावारूपाला आले ते लाकडी सामानाच्या आणि कापडाच्या बाजारांमुळे! या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण योगायोगसुद्धा कधी कधी वाट दाखवितो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या टापूचा इतिहास लिहिणारे शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे, शिलाहारकालीन शिवालय पाहतात, लोहमार्ग पाहतात, कारखाने पाहतात, छावणी पाहतात. त्या छावणीच्या खोल्यांत बायकांनी काय अंथरले, भिंतीवर काय टांगले, दाराला कसला पडदा लावला, हे लिहून ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच पाहणार आहोत. आमच्या मते या टापूत घराची सजावट सुबत्तेच्या पोटी जन्माला आलेली नाही. ती परागंदा माणसांच्या गरजेतून आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी तात्पुरत्या मुक्कामाची एक प्रचंड छावणी उभारली. तिच्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. बराक म्हणजे मधोमध एक लांबच लांब दालन आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या. युद्ध संपले, सैनिक गेले, छावणी ओस पडली. पुढे १९४७ची फाळणी झाली. सिंधमधील हिंदूंनी आरंभी धीर धरला होता. पण जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल उसळली आणि निर्वासितांचा ओघ वाढला. कोणी कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरले, कोणी राजस्थानमार्गे आगगाडीने आले. मुलुंड, चेंबूर, पुण्याजवळचे पिंपरी, कोल्हापूरजवळचे गांधीनगर अशा अनेक ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. त्यांतील सर्वांत मोठी वसाहत या ओस छावणीत झाली. सुमारे लाखभर माणसे येथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. बराकींत दाटीवाटीने राहणाऱ्यांना ते नाव ऐकून काय वाटले असेल, कोण जाणे! लोकांच्या तोंडी मात्र ‘कॅम्प’ हाच शब्द राहिला. ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ हेच पत्ते आजही चालतात.

सैनिकांसाठी बांधलेल्या दालनात कुटुंबे कशी राहणार? सासू-सून, लेकी-जावई, तान्ही बाळे आणि अनोळखी शेजारी सारे एकाच छताखाली आले. त्या वेळी पहिली भिंत उभी राहिली ती कापडाची. गोणपाट उसवून, जुनी चादर दोरीवर टाकून एकेका कुटुंबाने आपापला कोपरा अलग केला. आज आपण ‘गृहसजावट’ हा शब्द वापरतो तेव्हा डोळ्यांपुढे पडद्यांचे जुळते रंग आणि काचेची कपाटे येतात. या शहरातील गृहसजावटीचा आरंभ गोणपाटाच्या त्या पडद्यापासून धरला पाहिजे. पलीकडच्याला आपले जेवण दिसू नये, आपले रडणे ऐकू गेले तरी दिसू नये, एवढाच त्या पडद्याचा उद्देश होता. हळूहळू त्या गोणपाटाला रंगीत कापडाची पट्टी लागली असेल, कोणी त्यावर दोन टाके अधिक घातले असतील. घराची शोभा अशीच वाढते.

बरोबर आणता आले ते सामान थोडेच. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या वळकटीत अंथरूण-पांघरूण हमखास असते, आणि सिंधी अंथरुणात रल्लीला मानाचे स्थान आहे. रल्ली म्हणजे सिंधची गोधडी. मिसळणे, जोडणे या अर्थाच्या सिंधी क्रियापदापासून हा शब्द आला, असे सांगतात. सिंधमध्ये, तसेच कच्छ, बाडमेर, जैसलमेर या सीमाभागांत ती होते. वरच्या थरावर रंगीत तुकडे जोडून किंवा कापून लावून चौकटी, तारे, फुले अशी भूमितीय नक्षी केलेली असते. मध्ये जुन्या कपड्यांचे थर असतात आणि खाली एक अखंड अस्तर. हे सारे जमिनीवर चटई टाकून पसरतात आणि जाड दोऱ्याने सरळ समांतर टाके घालीत नेतात. पांढरा, काळा, लाल, पिवळा हे तिचे नेहमीचे रंग. लेकीच्या लग्नात रल्ल्या द्यावयाच्या म्हणून तिच्या लहानपणापासूनच शिवण सुरू होई. पॅट्रिशिया स्टॉडर्ड या अमेरिकन अभ्यासिकेने २००३ साली रल्लीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाचे लक्ष तिच्याकडे गेले.

आता आपल्याकडे पाहा. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या वस्तीत, उल्हास नदीकाठच्या गावांत गोधडी किंवा वाकळ घरोघर होतीच. जुने नऊवारी लुगडे वर, जुने लुगडे खाली, मध्ये धोतरे, सदरे, फाटक्या चादरी. कोपरे ताणून धरण्यासाठी त्यांवर जड वस्तू ठेवावयाच्या आणि कडेपासून धावदोरा घालीत आत जावयाचे. चौकोनात चौकोन काढीत टाका मध्यावर पोहोचला की गोधडी पुरी झाली. रल्लीवाल्या बाईचे मन नक्षीत, तर आपल्या बाईचे मन थरांत. सिंधी स्त्री तुकडे जोडून आकृती उभी करते, तर मराठी स्त्री लुगड्याचा काठ कोठे यावा याचा विचार करते. दोघींच्या हातांत मात्र वस्तू एकच, ती म्हणजे वापरून मऊ झालेले कापड. आलेल्या आणि असलेल्या लोकांना एकमेकींची भाषा कळत नव्हती त्या काळात ही वस्तू त्यांना परकी वाटली नसणार. इतिहासाच्या साधनांत अशा ओळखीची नोंद राहत नाही, हे आपले दुर्दैव.

वापरलेलेच कापड का, याचे उत्तर शुभवर्तमानात आहे. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याचा दृष्टांत संत मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. धर्मगुरू त्याचा आध्यात्मिक अर्थ उलगडून सांगतात. आम्ही येथे केवळ त्यातील शिवणकामाकडे लक्ष वेधतो. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. जुने कापड आटून झालेले असते. दोन्ही एकत्र शिवली की पहिल्या धुण्यातच कोरा तुकडा आकसतो, टाका ओढला जातो आणि जुने कापड पूर्वीपेक्षा अधिक फाटते. गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही आजीबाईला हे ठाऊक असते, म्हणून ती कोरे कापड आधी पाण्यातून काढते. नाझरेथच्या घरात हे ज्ञान कोणाच्या हातून आले असेल, ते वाचकांना सांगावयास नको.

ठिगळाला आपल्या परंपरेने कधी तुच्छ लेखले नाही. असिसीला जतन करून ठेवलेला संत फ्रान्सिसचा झगा ठिगळांनी भरलेला आहे, आणि ती ठिगळे संत क्लाराने लावली अशी परंपरा सांगते. महाराष्ट्रात गाडगे महाराजांना ‘गोधडे महाराज’ म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे. विरक्ताची गोधडी पूजनीय ठरली आणि घरातल्या बाईची गोधडी मात्र जुनेर ठरली, हा न्याय आम्हांस पटलेला नाही.

कॅथलिक घराण्यांत गोधडीकला किती उंचीला पोहोचू शकते, हे पाहावयाचे असेल तर महाराष्ट्र-गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात जावे लागेल. तेथे हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. यांच्या पूर्वजांतील पुष्कळांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले. त्यांच्यापैकी जे निसटले त्यांनी घाटावरच्या जंगलाचा आश्रय घेतला. त्यांत हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि घरात ते कोकणीची एक बोली बोलतात. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आत येत, तुकड्यावर तुकडा बसवीत ती वाढते. कॅथलिक स्त्रिया कित्येकदा कापडाचे क्रूस बसवितात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांचे थर लावतात, त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुले नसलेली कवंदी उघडीनागडी, असे त्या मानतात. गुलामगिरीतून पळालेल्यांच्या वंशजांनी पांघरुणालाही लाज आहे असे मानावे, यावर भाष्य नको. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्रेवाल यांनी या कवंदींचा अभ्यास केला. २००४ साली सिद्दी स्त्रियांची गोधडीकामाची सहकारी संस्थाही स्थापन झाली.

गंमत अशी की ज्या पोर्तुगीज व्यापाराने सिद्दींच्या पूर्वजांना येथे आणले, त्याच व्यापाराने हिंदुस्थानी गोधडी युरोपात नेली. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालातील सातगाव भागात पोर्तुगीज ग्राहकांसाठी सुती कापडावर टसर रेशमाचे भरतकाम केलेल्या भव्य रजया होत. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘कोल्शा’ म्हणतात. त्यांवर शलमोन राजाचा न्याय, शमशोन, यहुदीथ असे जुन्या करारातील प्रसंग भरलेले आहेत. लिस्बन व लंडन येथील संग्रहालयांत त्या काळजीपूर्वक सांभाळल्या आहेत. धनिकाची गोधडी संग्रहालयात गेली. गरिबाची गोधडी झिजेपर्यंत वापरली गेली आणि शेवटी तिचे पायपुसणे झाले. म्हणूनच गरिबाच्या घराचा इतिहास लिहिणे अवघड.

सिंधी स्त्रियांनी रल्लीखेरीज आणखी एक कला आणली, ती ‘हुर्मुचो’ भरतकामाची. उशांचे अभ्रे, कुडते, ओढण्या यांवर ते करीत. त्याची रीत मोठी विलक्षण आहे. आधी कापडावर आडव्या-उभ्या, तिरक्या धाग्यांचा सांगाडा घालावयाचा. मग दुसरा धागा त्या सांगाड्यातून खाली-वर असा विणीत न्यावयाचा. या फेरीत सुई कापडाला टोचावयाचीच नाही. पुरी झालेली आकृती क्रुसासारखी दिसते, म्हणून इंग्रजी भरतकामाच्या पुस्तकांत या टाक्याला ‘माल्टीज क्रॉस’ म्हणतात. आर्मेनियातील ख्रिस्ती स्त्रियांच्या भरतकामातही हाच टाका आढळतो. तो कोठून कोठे गेला यावर वाद घालण्यात आम्हांस रस नाही. विसाव्या शतकात आर्मेनियन आणि सिंधी या दोन्ही समाजांना आपापली गावे सोडावी लागली आणि दोघांच्याही सामानात तो होता, एवढे मात्र खरे.

आपल्या घरांतील क्रोशाच्या कामाची कथाही अशीच. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखालची झालर, टेबलावरचा गोल रुमाल, रेडिओवरचे आच्छादन ही सारी ‘कॉन्व्हेंटची कला’ म्हणून आपल्याकडे प्रतिष्ठेची मानली गेली. लग्नाच्या मुलीला ती येते का, अशी चौकशीही होई. परंतु क्रोशाचा प्रसार झाला तो दुष्काळात. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. त्या सुमारास कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन धर्मभगिनींनी गरीब मुलींना क्रोशा शिकविला. मुलींनी विणलेली लेस विकून घरे जगली. पुढे धर्मभगिनी जगभर गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुयाही गेल्या. आपल्या दिवाणखान्यातील पांढऱ्याशुभ्र झालरीमागे आयर्लंडची उपासमार आहे, हे तिला खळ घालणाऱ्या हातांना माहीत नव्हते. उल्हासनगरात त्याच न्यायाने पापड लाटले गेले, लोणची घातली गेली, कपडे शिवले गेले. त्या बायकांच्या कमाईवर कित्येक घरे उभी राहिली.

पुरुषांनीही आपला वाटा उचलला. सिंधी घरात ‘पींघो’, म्हणजे झोपाळा, हवाच. सिंधमधील हाला गावचे लाखेच्या रंगाचे ‘जंडी’ काम प्रसिद्ध. लाकूड चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते. रंगावर रंग चढवितात आणि मग टोचणीने कोरून खालचा रंग वर आणतात. आपल्याकडे सावंतवाडीचे कारागीर लाखकाम करतात, ते याच जातकुळीचे. हाला मागे राहिले, पण झोपाळ्याची आवड राहिली. बराकीत झोपाळा टांगण्यास जागा मिळेपर्यंत मात्र पुष्कळ वर्षे गेली असणार. फर्निचर बाजारात कपाटे आणि पलंग घेण्यास पुढे ठाणे जिल्हाभरातून लोक येऊ लागले. येथील मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा होई, हा विनोद आता जुना झाला. त्यात टिंगल होती, तसे कौतुकही होते.

अंबरनाथची गोष्ट कारखान्यांची. १९२०च्या दशकात येथे विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना निघाला. आपल्या देशात आगकाड्यांसाठी काटेसावरीचे हलके लाकूड वापरीत, आणि त्याच झाडाच्या बोंडातील कापूस उशीत भरीत. एकच झाड चूल पेटवी आणि उशीही देई. रिकाम्या आगपेट्या एकावर एक चिकटवून, वर रंगीत कागद लावून सुया-गुंड्यांचे खण करणे हा तर मुलांचा सुट्टीतला आवडता उद्योग. पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले. कारखाने आणि रेल्वे यांमुळे वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची, अहमदनगर-जालन्याकडची ख्रिस्ती कुटुंबे या टापूत येऊन राहिली. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी तीच. आपणही वळकटी घेऊनच आलो. १९८८ साली सिरो-मलबार परंपरेच्या भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, यावरून या स्थलांतराचा विस्तार ध्यानात यावा. नाताळातील गोठा कोणी भाताच्या पेंढ्याने करी, कोणी त्यात नाचणी पेरून हिरवे शेत उगवी. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिला गोठा मांडला, तेव्हा त्याला खराखुरा बैल आणि गाढव लागले होते. चाळीत पुठ्ठ्याच्या बैलावर भागते. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांचा तारा करणारी मुले महिना-दीड महिन्यापूर्वी शेजाऱ्याच्या आकाशकंदिलाला कागद चिकटवीत असत. कामट्या त्याच, खळही तीच.

आता पुष्कळशा बराकींच्या जागी इमारती उभ्या आहेत. फोमची गादी, यंत्रावर विणलेले ब्लँकेट आणि तयार पडदे सर्वांच्या आवाक्यात आले. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या बाईने बोटांना सुया टोचून घेत रात्री जागविल्या, तिच्या नातीला ते करावे लागू नये हे चांगलेच. उल्हासनगरच्या जीन्सच्या उद्योगाने निळ्या कात्रणांचे ढीग निर्माण केले. पण जाड डेनिममधून हाताची सुई सहज जात नाही, त्यामुळे गोधडीला त्याचा उपयोग थोडाच. खरी हानी आहे ती जुन्या गोधड्यांची. घर बदलताना प्रथम त्याच टाकल्या जातात. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीला महापूर आला तेव्हा बदलापूरपासून कल्याणपर्यंत घराघरांत पाणी शिरले. पुरात भिजलेली गादी फेकूनच द्यावी लागते. गोधडी मात्र धुऊन उन्हात टाकली की पुन्हा अंथरता येते. तरीही ती जुनी म्हणून गेली असेल तर ती पुराने नव्हे, आपण घालविली.

ज्यांच्या घरी अशी एखादी गोधडी, रल्ली, क्रोशाची झालर किंवा भरलेला अभ्रा शिल्लक असेल, त्यांना आम्ही एवढेच सुचवितो. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, दमटपणाने बुरशी धरते. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी. पावसाळा संपला की बाहेर काढून वारा द्यावा आणि प्रत्येक वेळी घडी वेगळ्या ठिकाणी मोडावी, म्हणजे एकाच रेघेवर कापड विरत नाही. भिंतीवर टांगावयाची झाल्यास खिळे ठोकू नयेत. मागच्या बाजूस वरच्या कडेला कापडाची लांब नळी शिवून तीतून काठी ओवावी, म्हणजे भार सर्वत्र सारखा पडतो. समोरून ऊन येणार नाही अशी भिंत निवडावी. आणि मागे एका कोपऱ्यात सुती पट्टी टाकून तीवर शिवणाऱ्या बाईचे नाव, तिचे माहेरचे गाव, ती या टापूत कोणत्या साली आली ते, आणि वरचे लुगडे कोणाचे होते तेही, रंगीत दोऱ्याने टाके घालून लिहावे. शाई धुण्यात जाते.